पोन्सची जोडी

ला कोंब, सोमवार, १४ एप्रिल १९८६

जिनेट,

काल मी साँ-आमादूरला येऊन गेले. तू रोदेझला सासूकडे गेली होतीस असं शेजारणीने सांगितलं. बरं झालं. मुद्दामच न कळवता आले होते. कळवून आलं की लोक आवरून ठेवतात.

तुझं ते संग्रहालय पाहिलं. दोन वर्षांपूर्वी चित्र न्यायला गाडी पाठवलीत तेव्हापासून तू म्हणतेस, ये ताई, ये ताई. आधी गाई विणार होत्या, मग गवत कापायचं होतं, मग गुडघा. आता आले आणि वाटतं, फार उशिरा आले.

दारातच एक पोरगी बसली होती. म्हणाली, आठ फ्रँक. मी म्हटलं, "भिंतीवर माझा खापरपणजा टांगलाय, त्याला बघायला मी पैसे देऊ?" ती म्हणते, "बाई, रविवारी सगळ्यांचेच खापरपणजे निघतात." तेवढ्यात आतून आवाज आला, "त्यांना सोड गं. त्या ला कोंबच्या कोंबेत आहेत."

तो आवाज मी ओळखला. माणूस ओळखायला मात्र दोन पावलं आत जावं लागलं. डोक्यावर केस नाहीत आणि पोट सुटलंय. गास्तों मालाव्हाल.

तू आपली प्रत्येक पत्रात "नवे व्यवस्थापक", "व्यवस्थापक म्हणतात", "व्यवस्थापकांनी खिडक्या बदलून घेतल्या". सहा महिन्यांत एकदाही नाव नाही. मला वाटलं, तुलूझचा कोणी चष्मेवाला असेल. तू नाव का लिहिलं नाहीस, ते आधी सांग.

तर मी बघायला लागले. चित्रकार रुकेरोलचा पलंग आहे, एवढासा, वासरू झोपेल इतका. काचेत त्याच्या सपाता, पाइप आणि दात नसलेला कंगवा. भिंतीवर अकरा चित्रं. नऊ नुसत्या दगडांची आणि पावसाची. एकात कोणी म्हातारी शेंगा सोलते. आणि शेवटच्या खोलीत, खिडकीसमोर, आपलं.

आपलं म्हणजे आपल्या चित्राच्या जागी लावलेलं.

जिनेट, ते चित्र माझ्या डोक्यावर त्रेपन्न वर्षं टांगलेलं होतं. चुलीच्या वर. पाय मोडून रुकेरोल आपल्या घरी एक हिवाळा पडून होता, सूप पीत होता, आणि जाताना त्याने पोन्स कोंबेतची जोडी रंगवून दिली, हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकते. पोन्स हातात पराणी घेऊन डावीकडे उभा आणि दाउरा नि मासो ओंडका ओढतायत. तालुक्यातले सगळ्यात तगडे बैल. जेवताना आपण त्यांना पावाचा तुकडा दाखवायचो, आठवतं? बाबा म्हणायचे, बघा, या घरात गाय कधी जुंपली नाही.

काल तिथे बघते तर दोन्ही जनावरांना कास.

गुलाबी, भरलेली कास. चार-चार आचळं. मी मोजली. मी अख्खा जन्म गोठ्यात काढला, मला कोणी गाय दाखवून बैल म्हणायचं नाही. मानही बारीक, गाईची.

मी त्याला विचारलं, "आमचे बैल कुठे आहेत?"

"समोरच आहेत," तो म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"हे काय केलंस?"

"स्वच्छ केलं. म्हणजे तुलूझच्या बाईंनी केलं. मी फक्त नेलं आणि आणलं, ऑगस्टीन."

नेलं आणि आणलं. हेच मला ऐकायचं होतं. नेलं एक आणि आणलं दुसरं.

लगेच लिही.

ऑगस्टीन


साँ-आमादूर, १८ एप्रिल

प्रिय ताई,

तू आलीस आणि मी नव्हते, याचं फार वाईट वाटलं. घरी सूप होतं, जेवून तरी गेली असतीस.

नाव लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच चुलीत घातलं असतंस. खोटं आहे का? गास्तों ऑक्टोबरात पॅरिसहून कायमचा परत आला. सत्तावीस वर्षं तिकडे होता, चित्रांच्या चौकटी करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. म्हातारा वारला, दुकान बंद झालं. इथे मेअरना संग्रहालयासाठी माणूस हवा होता आणि कोणी येत नव्हतं. तो आला. पहिल्या दिवशी मी त्याला तिकिटांची पुस्तकं दाखवत होते आणि एकच पुस्तक तीनदा दाखवलं. या वयात.

आता सगळंच सांगते. शनिवारी ७ जूनला आम्ही नगरपालिकेत लग्न करतोय. मी स्वतः ला कोंबला येऊन सांगणार होते. मनात नुसती वाक्यं जुळवत होते.

चित्राचं म्हणशील तर एकशेवीस वर्षांची काजळी होती त्याच्यावर. धुतलं की चित्र वेगळं दिसतं. इथे सगळेच तसं म्हणतात. आभाळसुद्धा निळं निघालं, आपण ते करडं समजत होतो. तू पुन्हा ये, मी बरोबर असेन, आपण दोघी निवांत बघू.

ताई, जुनं काढू नकोस. तेव्हाही तोंडाने कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी माडीवर निळा झगा घालत होते, आणि खाली बाबांनी चुलीतली लाकडं उभी करून ठेवली, मागणी घालायला आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडची रीत. गास्तों दारातून आत आला, लाकडं उभी बघितली, टोपी उचलली आणि गेला. मी जिना उतरले तेव्हा कुत्रं तेवढं अंगणात उभं होतं. बाबांचा मला राग नाही आता. त्यांचा काळच तसा होता. मालाव्हालांना बैल परवडत नव्हते म्हणून ते गाई जुंपायचे आणि आपल्याकडे बैल, एवढंच पुरेसं होतं नाही म्हणायला.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझी जिनेट


ला कोंब, २२ एप्रिल

जिनेट,

गुडघा आहे तिथेच आहे.

काजळी धुतली की आभाळ निळं होतं, हे मला पटलं. काजळी धुतली की बैलाला कास फुटते, हे तू कुठल्या शाळेत शिकलीस? मी तुझ्याएवढी शिकलेली नाही. बाराव्या वर्षी मला गोठ्यात घातलं. पण धुऊन बैलाची गाय होत असती तर बाजारात कोणी गाय विकत घेतलीच नसती, सगळे बैलच धूत बसले असते.

मी बुधवारी पुन्हा गेले होते. तुझी सुट्टी असते तेव्हाच. या वेळी आठ फ्रँक मोजून दिले, म्हणजे कोणी उपकार सांगायला नको. ती पोरगी दुसऱ्या खोलीत गेल्यावर अंगठा थुंकीने ओला केला आणि कोपऱ्यात घासून बघितला. ओरडत आली, "बाई, हात लावायचा नाही!" मी म्हटलं, "माझंच आहे, मी चाटीनसुद्धा." अंगठ्याला काही लागलं नाही. म्हणजे चांगला रंग वापरलाय. पॅरिसचा असेल.

आता माझं ऐक, आणि नीट ऐक, कारण तू लहानपणापासून अर्धंच ऐकतेस. सत्तावीस वर्षं हा माणूस चित्रांच्या धंद्यात होता. त्याला माहीत असणार कोणतं चित्र कोणाला विकायचं आणि त्याच्यासारखं दुसरं कोण काढून देतं. ऑक्टोबरात तो येतो. डिसेंबरात आमचं चित्र तुलूझला जातं. फेब्रुवारीत परत येतं ते गाई होऊन. गाईच का? घोडे नाही, मेंढ्या नाही, गाईच का? कारण याच घराने त्याला गाई जुंपणाऱ्यांचा म्हणून परत पाठवलं होतं. आता तालुक्याच्या पोरांना शाळेतून रांगेने आणतात आणि दाखवतात, बघा, ला कोंबचे कोंबेत, गाई जुंपणारे. आणि तू त्याच्या शेजारी बसून तिकिटं फाडतेस.

तो तुझ्यासाठी परत आला असं तुला वाटतंय. मला वाटतं, तो चित्रासाठी आला आणि तू वाटेत सापडलीस.

महिनाअखेरपर्यंत आमची जोडी त्या भिंतीवर परत आली नाही तर मी रोदेझला पोलिसांकडे जाते. मेअरला आजच लिहितेय. अक्षर वाईट आहे, पण वाचता येईल.

आणि एक. त्या दिवसाबद्दल त्याने तुला काय सांगितलंय? नेमकं काय? शब्द न् शब्द लिही.

ऑगस्टीन


साँ-आमादूर, २७ एप्रिल

ऑगस्टीन कोंबेत यांस,

तुम्ही मेअरना पाठवलेलं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. तुमचा संशय रास्त आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही असंच म्हटलं असतं.

जे झालं ते असं. तुलूझच्या बाई चित्र धुऊ लागल्या तेव्हा त्यांना दिसलं की दोन्ही जनावरांच्या पोटांखालचा आणि मानेवरचा तांबूस रंग रुकेरोलचा नाही. तो बैलगाडीच्या दांड्यांना लावतात तो रंग आहे. त्याच्या खाली काजळीचा एक थर होता आणि वरही एक थर होता. म्हणजे चित्र चुलीवर बरीच वर्षं टांगलेलं असताना मधेच कोणीतरी तो लावला. रंग निघाला आणि गाई निघाल्या. बाईंनी प्रत्येक पायरीचे फोटो काढलेत, ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पोलिसांना दाखवा, कोणालाही दाखवा.

हे जिनेटला डिसेंबरातच कळलं होतं. ती म्हणाली, ताईला सांगू नकोस, मी सांगेन. मीही गप्प बसलो, ती माझी चूक. मीच ला कोंबला यायला हवं होतं. तुमच्या घरी यायची हिंमत मला आयुष्यात एकदाच झाली होती.

एक विनंती आहे. चित्रातल्या जुवावर, मधल्या खाचेच्या उजवीकडे, एक लोखंडी पट्टी ठोकलेली दिसते. तीन खिळे. तीसुद्धा धुतल्यावरच दिसली. तसं जू आमच्या संग्रहात नाही. कुठे असलं तर तुमच्याकडेच असेल. पोलिसांकडे जाण्याआधी एकदा गोठ्यात बघा.

तुम्ही जिनेटला विचारलंत, त्या दिवसाबद्दल मी काय सांगितलं. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली होती. लाकडं उभी होती, एवढंच मी तिला सांगितलं. अठ्ठावन्न सालीही एवढंच सांगितलं असतं. ती कोणी उभी केली हे सांगणं माझं काम नाही.

गास्तों मालाव्हाल


साँ-आमादूर, २ मे

ताई,

तुझ्या पत्राचं काम झालं. काल गास्तोंने किल्ल्या मेअरच्या टेबलावर ठेवल्या. ज्याच्यावर संशय आहे त्याने कुलपाजवळ राहू नये, म्हणाला. मेअर नको नको म्हणत होते, पण घेतल्या. नगरपालिकेच्या दारावर आमच्या लग्नाची नोटीस लागली होती, ती त्याने स्वतः काढून आणली. चार टाचण्यांसकट. "तुझ्या बहिणीने मला चोर म्हटलंय, तुला चोराची बायको म्हणू देणार नाही," म्हणतो. पॅरिसला त्याच्या पुतण्याचं हॉटेल आहे, तिथे जायचं म्हणतोय. खोक्यात शर्ट भरतोय. एक भरतो, एक काढतो.

मी वीस वर्षांची होते तेव्हा. आता अठ्ठेचाळीस आहे. मधली वर्षं वाईट गेली असं नाही. माझा नवरा चांगला होता, मी त्याची सेवा केली. पण पुन्हा एकदा माडीवरून उतरून रिकामं अंगण बघायची ताकद माझ्यात नाही.

गाईंचं मी तुझ्यापासून लपवलं. का, ते ऐक. बाबा गेले, आई गेली, तू एकटी राहिलीस, आणि तुझ्याकडे ती जोडी होती. बाजारात, चर्चमध्ये, दुधाच्या गाडीवाल्यापाशी, जिथे तिथे तू दाउरा आणि मासो यांच्या आधारावर उभी. मला वाटलं, ही जोडी काढून घेतली तर तू पडशील. म्हणून गप्प बसले. आता वाटतं, पडली असतीस तर बरं होतं.

तू विचारलंस, तो त्या दिवसाबद्दल काय म्हणाला. लाकडं उभी होती, एवढंच म्हणतो. मी तुझं पत्र त्याच्यासमोर धरलं तर खिडकीबाहेर बघत बसला. ताई, असं काय आहे जे त्याने मला सांगितलं असेल अशी तुला भीती वाटते?

जिनेट


ला कोंब, रविवार, ११ मे

जिनेट,

हे पत्र लांब होणार. बसून वाच. त्याला देऊ नकोस, आधी तू वाच.

त्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं आणि म्हटलं, लबाड. गोठ्यात जायचं नाही असं ठरवलं. तीन दिवस गाईंना चारा घालायला गेले तेव्हासुद्धा वर बघितलं नाही. तुझं पत्र आल्यावर शिडी लावली.

दाराच्या वर एक जुनं जू आहे, तुला ठाऊक असेल, कोंबड्या त्यावर बसतात. मी ते लहानपणापासून बघते. खोंडांना शिकवायचं जू म्हणून. लहान आहे ना, म्हणून. आपल्या घरात लहान जू कशाला असेल, तर खोंडांसाठीच, दुसरा विचारच कधी शिवला नाही. खाली काढलं. कोंबड्यांची घाण खरवडली. मधल्या खाचेच्या उजवीकडे लोखंडी पट्टी निघाली. तीन खिळे. एक खिळा वाकडा.

मग मी वितींनी मोजलं. बाबांचं बैलांचं जू सहा विती. हे पाच विती, त्यातही जेमतेम. शिंगं बसवायच्या खाचा बघितल्या. खोंडांना शिकवायचं जू वर्षभर वापरतात, त्याच्या खाचांच्या कडा अशा गुळगुळीत होत नाहीत. या खाचा वीस-वीस वर्षं घासून आरशासारख्या झाल्यात. मी आपली सगळ्यात शांत गाय आणली, तिच्या डोक्यावर ठेवून बघितलं. बसलं. टोपी बसावी तसं बसलं. ती आपली गवत चघळत उभी राहिली.

पोन्स कोंबेत गाई जुंपायचा. सगळा जन्म.

मग मला आठवलं. मी सहा वर्षांची असेन. प्रदर्शनाचे परीक्षक आपल्याकडे जेवायला येणार होते, बाबांच्या बैलांना पहिलं बक्षीस मिळालं होतं तेव्हा. बाबा खुर्चीवर चढून अर्धा कांदा घेऊन चित्र पुसत होते, काजळी निघावी म्हणून. मी खाली उभी. पुसता पुसता थांबले. मग म्हणाले, "जा, कोंबड्यांना दाणे टाक." मी परत आले तेव्हा घरात गाडीच्या रंगाचा वास होता आणि बाबांच्या अंगठ्याला तांबूस डाग. मी विचारलं तर म्हणाले, चौकट रंगवली. चौकट आजही काळी आहे, जिनेट. पन्नास वर्षांत मी एकदा मान वर करून चौकटीचा रंग बघितला नाही.

तर बाबांना ठाऊक होतं. आता पुढचं.

तू लिहिलंस, बाबांनी लाकडं उभी केली.

बाबांनी नाही केली.

तो फेब्रुवारीतला रविवार. तो टेकडीवरून येताना मी खिडकीतून बघितला. बाबांना गोठ्यात जाऊन सांगितलं, मालाव्हालांचा मुलगा येतोय, नवा कोट घालून, म्हणजे विचारायलाच येतोय. मला वाटलं ते चिडतील. ते हात पुसत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. गाई जुंपतात तर जुंपोत, नांगर चालल्याशी काम." असं म्हणाले. बाबा. आणि म्हणाले, "त्याला बसव, मी तळघरातून चांगली बाटली आणतो." मी तोवर या घरात सत्तावीस वर्षं राहत होते, चांगली बाटली माझ्यासाठी कधी निघाली नव्हती.

बाबा खाली गेले. तू माडीवर. घरात मी एकटी. चुलीचा चिमटा हातात घेतला आणि लाकडं उभी केली. तीन लाकडं. त्यातलं एक पडलं, ते पुन्हा उभं केलं. तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी लाकूड दुसऱ्यांदा उभं करेपर्यंत तो थांबला, म्हणजे चूक झाली असेल तर सुधारावी म्हणून. मग त्याने टोपी उचलली.

बाबा बाटली घेऊन वर आले. लाकडं बघितली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाई जुंपणाऱ्यांकडे आपली पोर द्यायची?" त्यांनी मान वर करून चित्राकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, बैल बघून त्यांना पटलं. त्यांनी बाटली परत खाली नेली. ती अजून तिथेच आहे.

का केलं ते विचारशील. बैलांसाठी केलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं. तू गेली असतीस तर आजारी आई, वीस गाई आणि मी. हे एक. मला कोणी विचारायला आलं नव्हतं, हे दुसरं. बैल मी नंतर जोडले.

त्याने तुला सांगितलं असेल या भीतीने मी महिनाभर त्याच्यावर भुंकत होते. तो अठ्ठावीस वर्षं गप्प आहे. मला तर वाटायचं, माणूस गप्प बसतो तो काहीतरी लपवतो म्हणून. तो लपवतच होता. माझं.

शुक्रवारी मी मेअरकडे गेले. कचेरीत तिघं बसले होते, त्यांच्यादेखत म्हटलं, माझी चूक झाली, चित्र खरं आहे, माणूस खरा आहे, त्याच्या किल्ल्या त्याला द्या. एवढं तोंडातून निघायला आधी चौकाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मेअर म्हणाले, "लेखी द्याल?" दिलं. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला.

तू आता काय करायचं ते कर. मला लिहिलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण लिहिलं नाहीस तर मला समजेल.

ऑगस्टीन


साँ-आमादूर, २३ मे

ताई,

बारा दिवस मी तुला लिहू शकले नाही. पहिले चार दिवस तर तुझं नाव घेऊन भांडी घासत होते. एक बशी फुटली, ती तुझ्या नावावर.

गास्तोंला मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुला एकच बहीण आहे." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याला म्हटलं, आता बाहेर बघणं पुरे.

त्याने किल्ल्या परत घेतल्या. नोटीस पुन्हा लागली, टाचण्या त्याच. मेअर म्हणतात, पोन्सचं जू चित्राखाली लावायचं आणि पाटीवर खरं तेच लिहायचं. तुझी हरकत असेल तर कळव.

मी तुला माफ केलं की नाही, ते मला अजून कळत नाही. तू विचारू नकोस. पण गास्तोंचं म्हणणं आहे की लग्नाआधी त्याला एकदा ला कोंबला यायचंय. मागायला. रीतसर, नवा कोट घालून. मी म्हटलं, बाबा नाहीत, आई नाही, कोणाला मागणार? म्हणतो, "घर तर आहे ना. आणि तुझी ताई."

रविवारी १ जूनला, दुपारी बाराला. मी त्याच्याबरोबर येणार नाही. आदल्या दिवशीच येईन आणि माडीवर असेन. तो एकटा टेकडीवरून येईल. दारात आला की तो आधी चुलीकडे बघेल.

जिनेट


ला कोंब, मंगळवार, २७ मे

जिनेट,

जू धुऊन, तेल लावून ठेवलंय. ते चित्राखाली लावताना शिंगांच्या वाद्या मी येऊन बांधीन, तुमच्या शहरातल्या माणसांना त्या बांधता येत नाहीत, उलट्या पिळतात. पाटीवर लिहा, गाई जुंपायचे. मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे शाळेतल्या पोरांना लांबून वाचता येईल. आणि त्या गाईंची नावं दाउरा आणि मासो लिहू नका. ती बैलांची नावं आहेत. गाईंची काय होती ते आता कोणालाच ठाऊक नाही, तर ती जागा रिकामी ठेवा.

शनिवारी येताना निळा झगा आण. तोच नसला तरी निळा. कोंबडी मारीन, आणि मोठी गोड भाकर भाजीन. बाटली वर आणलीय. बूच कुजलं असेल तर दुसरी आहे.

जून महिन्यात चूल पेटवून घरात बसवत नाही, पण पेटवणार. लाकडं आत्तापासून रचून ठेवलीत. तीन. आडवी. जरा हलली की जाऊन नीट करते. कुत्र्यालाही जवळ जाऊ देत नाही.

ऑगस्टीन